चोरीची पिओनी

१४ मार्च

आजपासून पुन्हा रोजची नोंद ठेवायला घेतो आहे. ट्रामवर तिकीट तपासनीस होतो तेव्हा रोज संध्याकाळी लिहायचो. निवृत्त झाल्यापासून लिहिण्यासारखं काही घडेना. आज घडलं. आज मी बागांच्या वसाहतीतला बोझेनाचा प्लॉट साफ केला.

बोझेना म्हणजे माझी बायको. नोव्हेंबरपासून जर्मनीत, ब्रेमेनला, एका नव्वदीच्या म्हातारीला सांभाळते आहे. तीन महिन्यांसाठी म्हणून गेली ती गेलीच. जाताना बागेच्या खोपटाची किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाली, "सगळी सोपी फुलं लावली आहेत मी. दरवर्षी आपली आपण उगवतात. तू फक्त हात खिशात ठेव." माझ्यावर विश्वास नाही, दुसरं काय.

आज ऊन बरं पडलं होतं, म्हणून गेलो. बघतो तर प्लॉटमध्ये हिरवं पान औषधालाही नाही. नुसत्या काळपट काड्या आणि कुजकी पानं. थंडीनं सगळं मेलं होतं. बाई परक्या देशात म्हातारीची उष्टीखरकटी काढते आणि इकडे तिची फुलं मेली, हे तिला कोणत्या तोंडानं सांगायचं? मी ठरवलं, सांगायचं नाही. जागा स्वच्छ करून ठेवायची, आली की नव्यानं लावेल. कुदळ घेतली आणि कुंपणापासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळं उपसून काढलं. काही मुळं रताळ्याएवढी जाड होती. काहींना निळ्या लोकरीचे धागे बांधलेले. माझ्या स्वेटरची उरलेली लोकर तिनं तिथे खपवलेली दिसते. सगळा ढीग फाटकाबाहेर वाटेवर नेऊन टाकला.

आणि माणसं किती चांगली असतात ते आज कळलं. शेजारच्या लुत्सिनाबाई, ज्या माझ्या नमस्काराला कधी धड मान हलवत नाहीत, हातगाडी घेऊन धावत आल्या. "अहो झेनॉनसाहेब, हे टाकताय तुम्ही? नक्की?"

"नक्की. मेलंय सगळं."

त्यांनी छातीवर क्रूस काढला, पुन्हा एकदा विचारलं आणि गाडी भरली. मग समोरचा इरेनेउश आला. कंबरेचा जुना आजारी माणूस, पण वाकून वाकून कचरा वेचत होता. वसाहतीचे अध्यक्ष गेरार्डसाहेब तर सगळ्यात मोठा गड्डा मातीसकट, तान्हं मूल न्यावं तसा छातीशी धरून घेऊन गेले. बघता बघता वाट लख्ख झाली. कुणी आभाराचा एक शब्द काढला नाही. अर्थात आभार त्यांनी का मानावेत? कचरा माझा. मीच सगळ्यांचे मानले. ते ऐकून लुत्सिनाबाई कानांवर हात ठेवून पळाल्या. शेतकऱ्याची मुलगी, जरा विचित्रच आहे.

१५ मार्च

बोझेनाचा फोन. मी मोठ्या अभिमानानं म्हटलं, "प्लॉट साफ केला."

ती म्हणाली, "काय साफ केलंस?"

मी तिकिटं तपासण्यात जन्म घालवला आहे. प्रश्नाचा सूर ऐकून कोणतं उत्तर महागात पडेल ते मला कळतं. म्हटलं, "खोपटं. खोपटं झाडून घेतलं."

"बरं. पिओनीचे कोंब वर आले असतील आता. लाल, बोटांसारखे. फोटो पाठव." मग म्हणाली, "झेनॉन, म्हातारीचा मुलगा विचारतोय आणखी दोन वर्षं राहाल का. मी त्याला म्हटलं, जूनमध्ये ख्रिस्तशरीराच्या सणाला घरी जाते आहे, तिथून कळवते."

मी म्हटलं, यात विचार कसला करायचा आहे?

"मिरवणुकीत उधळायला पाकळ्या दरवर्षी माझ्या पिओनीच्या असतात. त्या दिवशी प्लॉटवर त्या उभ्या दिसल्या तर बॅग उघडीन. नाही दिसल्या तर तशीच संध्याकाळच्या बसनं परत."

"फुलांवरून संसार मोडतेस?"

"फुलांवरून नाही रे. इतकी वर्षं मी काय काय लावलं, काय काय जगवलं, तुझं कधी लक्ष गेलं? माझी एक तरी गोष्ट तू सांभाळलेली मला बघायची आहे."

आता थंडीनं मेलेल्या फुलांना मी काय करू? हा सरळसरळ अन्याय आहे.

१७ मार्च

लुत्सिनाबाईंना कुंपणावरून सहज विचारलं, थंडीनं मेलेली फुलं पुन्हा आणायची तर काय करावं.

"मेलेली?" त्या म्हणाल्या. "अहो, ती झोपलेली असतात."

"सगळी?"

"दर हिवाळ्यात. वरचं वाळतं, खाली मूळ जिवंत असतं. तुम्हाला काय वाटलं, बोझेना दरवर्षी नव्यानं लावते?"

मला तसंच वाटत होतं. विचारलं, "आणि तुम्ही त्या दिवशी गाडीभर नेलंत त्याचं काय झालं?"

त्या एकदम वळून कांद्याच्या वाफ्याकडे बघायला लागल्या. "कंपोस्टात टाकलं." निदान कुणाला तरी खत मिळालं म्हणायचं. पण मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

१८ मार्च

फोटो पाठवला. काय करणार, ती रोज विचारते. खाटकाकडून बारीक वाळवलेले सॉसेज आणले, लालसर, बोटाएवढे, आणि पाच तुकडे मातीत उभे रोवले. लांबून, जरा हलवून फोटो काढला. माझ्याच्यानं आयुष्यात असली लबाडी झालेली नाही.

तिचं उत्तर आलं: "छान आलेत. कुत्र्यांपासून जप."

इतक्या लांबून तिला कुत्र्यांची काळजी. आणि खरंच संध्याकाळी इरेनेउशच्या कुत्र्यानं पाचही कोंब खाल्ले.

२ एप्रिल

मधल्या दिवसांत लिहावंसं वाटलं नाही. बाजारातून रोपं आणली. विकणारी म्हणाली, "साहेब, अगदी सोपी आहेत, दगडावर लावली तरी येतील." मी म्हटलं दगडावर कशाला, नीट लावू. लावली. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. दुपारी जरा कोमेजल्यासारखी दिसली म्हणून दुपारीही घातलं. आज सगळी कुजली. लुत्सिनाबाई कुंपणावर कोपरं टेकून म्हणाल्या, "तहान लागली होती का त्यांना?" मी म्हटलं, न विचारता पाणी देणं हे चांगल्या यजमानाचं लक्षण आहे. त्या म्हणाल्या, "बुडवलंत हो."

५ एप्रिल, ईस्टर

एकट्यानं आंबट सूप आणि उकडलेलं अंडं. दोन ताटल्या मांडल्या होत्या, कशाला कोण जाणे. बोझेनाचा फोन आला. तिच्या मागे ती जर्मन म्हातारी काहीतरी गात होती. मी म्हटलं, इकडे सगळं छान आहे. ती म्हणाली, "जेवलास का?" एवढंच. एवढ्यानं मला रडू का यावं ते समजलं नाही. सुपात तिखट जास्त झालं होतं बहुतेक.

७ एप्रिल

आज चांगुलपणाची परीक्षा झाली आणि मी नापास झालो. लुत्सिनाबाईंनी कुंपणावरून फ्लॉक्स नावाच्या फुलझाडाचा एक गड्डा पुढे केला. कोवळी पानं फुटलेला, मातीसकट. म्हणाल्या, "घ्या, आणि तोंडातून अवाक्षर काढू नका."

मी गड्डा घेतला आणि म्हटलं, "लुत्सिनाबाई, तुमचे फार फार आभार."

त्यांचा चेहराच पडला. कुंपणावरून वाकून त्यांनी तो गड्डा माझ्या हातातून ओढून घेतला. "काय बोललात हो हे? आता हा लागायचा नाही. दिलेल्या रोपाचे कुणी आभार मानतं का? शाळेत काय शिकलात तुम्ही?"

मी म्हटलं, मी शाळेत आभार मानायलाच शिकलो.

"मग बसा मातीकडे बघत," म्हणाल्या आणि फ्लॉक्स घेऊन गेल्या.

संध्याकाळी पुन्हा आल्या, दुसरा गड्डा घेऊन. या वेळी मी ओठ घट्ट मिटून धरले. घेतला, मान वाकवली. त्यांना फाटकापर्यंत पोचवलं आणि तोंडून निघून गेलंच. चाळीस वर्षांची सवय आहे. दंडाची पावती हातात देतानासुद्धा मी "आभारी आहे" म्हणायचो. तोही गड्डा त्या परत घेऊन गेल्या.

९ एप्रिल

इरेनेउश आज घरी बनवलेली खारवलेली काकडी घेऊन आला. खोपटाबाहेर बसलो. त्यानं मला एकदाचं समजावून सांगितलं.

"हे बघ झेनॉन. विकतचं रोप लाडावलेलं असतं. दिलेल्या रोपाचे आभार मानले की ते रुसतं. चोरलेलं रोप मात्र कुठेही लागतं. सगळ्या वसाहतीत तसंच आहे. लुत्सिनाची आयरिस माझ्याकडून चोरलेली. माझी डे-लिली अध्यक्षांची. अध्यक्षांनी सगळं कब्रस्तानातून आणलंय असं म्हणतात, पण ते आपण बोलायचं नाही."

"पण ही चोरी झाली."

"मग? त्यातच तर जीव आहे."

मी त्याला सांगितलं, या हातांनी मी हजारो विनातिकीट प्रवासी पकडले. बोझेनालासुद्धा मी असंच पकडलं होतं, सात नंबरच्या ट्राममध्ये. दंड पूर्ण वसूल केला आणि पुढच्या वर्षी लग्न केलं. असा माणूस दुसऱ्याच्या वाफ्यात हात घालणार?

इरेनेउशनं काकडीचा तुकडा मोडला. "सणाला किती दिवस राहिलेत रे?" एवढंच विचारलं.

१२ एप्रिल, रविवार

केलं. हात दोनदा धुतले.

दुपारची वेळ निवडली, कारण त्या वेळी वसाहतीतला प्रत्येक माणूस आपापल्या खोपटात कोंबडीचं सूप पीत असतो. लुत्सिनाबाईंच्या फाटकाशी पोचलो तर त्या अजून बाहेरच. मला बघून मोठ्यानं आकाशाकडे बोलल्या, "चला, मी आता आत जाते. खूप वेळ भिंतीकडे तोंड करून बसणार आहे. मला मागचं काही दिसत नाही." आणि जाता जाता छोटं फावडं फ्लॉक्सशेजारी रोवून गेल्या. किती निष्काळजी बाई. अशा बाईला कुणीही लुटेल.

फ्लॉक्स उपसला. त्याला निळ्या लोकरीचा धागा होता. मग मला काही स्वस्थ बसवेना. खिशात जुन्या तिकिटांचं भेंडोळं असतंच. एक तिकीट फाडलं, चिमट्यानं भोक पाडलं आणि खड्ड्यात ठेवलं. हिशेब सरळ असलेला बरा.

१३ एप्रिल

सकाळी लुत्सिनाबाई ते तिकीट दोन बोटांत धरून आल्या, मेलेला उंदीर धरावा तसं. "काल माझ्याकडे चोर आला होता, झेनॉनसाहेब. तिकीट काढून आला. तिकीट काढून आलेल्याला चोर म्हणत नाहीत, प्रवासी म्हणतात. कोण होता ते मला माहीत नाही, पण तुम्हाला भेटला तर सांगा, असं केलं तर रोप लागायचं नाही."

मी म्हटलं, भेटला तर सांगतो.

"आणि त्याला म्हणावं, फ्लॉक्स टाकीच्या डाव्या बाजूला लावायचा. तिथेच त्याला सवय आहे."

त्या रोपाला माझ्या टाकीची सवय कशी असेल, हे विचारणार होतो, पण मग चोर कोण ते उघड झालं असतं. डाव्या बाजूला लावला.

१९ एप्रिल, रविवार

आज दोन घरं, विनातिकीट. लिहितानासुद्धा कसंतरी होतं. चाळीस वर्षं ज्यांना मान खाली घालायला लावली, त्यांच्यात आज मी जाऊन बसलो.

आणि गंमत म्हणजे पहिला फ्लॉक्स लागला आहे. टवटवीत. आज सकाळी मी त्याच्यापुढे उकिडवा बसून बराच वेळ त्याच्याकडे बघत होतो. त्याच्या देठावर बारीक जांभळट छटा असते. बोझेनाला माहीत असेल का?

२६ एप्रिल, रविवार

चोरीला आता शिस्त आली आहे. अ‍ॅस्टर, डे-लिली, आयरिस, सेडम. ज्याच्या वाफ्यावर जावं तिथे फावडं ठेवलेलंच असतं. एके ठिकाणी तर बादलीही होती, आणि त्यावर झाकून ठेवलेला चीजकेकचा तुकडा. मी केक खाल्ला नाही. तेवढा मी घसरलेलो नाही. मग परत गेलो आणि खाल्ला.

निळी लोकर सगळीकडे दिसते. सगळी वसाहत एकाच दुकानातून लोकर घेते बहुतेक.

३ मे

आज वसाहतीची बैठक झाली. अध्यक्ष गेरार्डसाहेब उभे राहिले, गळा साफ केला आणि म्हणाले, "आपल्या वसाहतीत चोर शिरला आहे." शेवटच्या बाकावर बसलो होतो, अजून मागे सरकलो, मागे भिंत होती.

"त्याच्याविरुद्ध एक तक्रार आली आहे," अध्यक्ष म्हणाले. "इरेनेउश, बोला."

इरेनेउश कंबर धरून उठला. चेहरा लाल. "तक्रार अशी की तो सगळ्यांकडे जातो आणि माझ्याकडे येत नाही. लुत्सिनाकडे तीनदा गेला. माझा वाफा काय वाईट आहे? माझ्याकडे दोन चांगल्या पिओनी आहेत. मी रविवारी दोन वेळा मुद्दाम बायकोला घेऊन चर्चला गेलो. मी, चर्चला. परत येऊन बघतो तर पिओनी जागच्या जागी. माणसाचा काही मान आहे की नाही?"

लोक कुजबुजले. कुणीतरी म्हणालं, चोर नवीन असेल, त्याला वाट माहीत नसेल. अध्यक्षांनी ठराव मांडला की चोरानं पुढच्या रविवारी इरेनेउशकडे जावं. सगळ्यांनी हात वर केले. मी हात वर केला नाही. नियमाप्रमाणे आरोपीला मत देता येत नाही. मग लक्षात आलं की हात न केलेला मी एकटाच आहे, म्हणून केला.

१० मे

इरेनेउशच्या पिओनी आणल्या. त्यानं त्या आधीच सैल करून ठेवल्या होत्या.

संध्याकाळी बोझेनाचा फोन. विचारत होती, "इरेनेउशची कंबर कशी आहे?" म्हटलं, तुला त्याची आठवण कशी झाली? म्हणाली, सहज. मग विचारलं, "लुत्सिनाचा चीजकेक बरा झाला होता का?" म्हटलं, बरा होता, मनुका कमी होत्या. मग ती हसली. इतक्या मोठ्यानं हसली की मी फोन कानापासून लांब धरला. तिला असं हसताना मी किती वर्षांत ऐकलेलं नाही. म्हातारीनं टीव्हीवर काहीतरी विनोदी लावलं असणार.

मी विचारलं, "तू येशीलच ना?"

"येते म्हटलंय. राहीन म्हटलेलं नाही," ती म्हणाली.

२२ मे

भानगड झाली. पानं सगळीकडे भरली आहेत, लुत्सिनाबाईसुद्धा नाक मुरडायचं विसरल्या आहेत. पण माझ्या दोन पिओनींना कळीच नाही. एकही. लुत्सिनाबाई म्हणाल्या, "जागा हलवली की पिओनी रागावते. यंदा फुलायची नाही. पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी मी एकटा असेन," मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं. त्यांनी कुंपणावरून हात घालून माझ्या बाहीवरची माती झटकली.

मग म्हणाल्या, "अध्यक्षांकडे एक आहे. म्हातारी पिओनी. मातीसकट आलेली, त्यामुळे तिला हलल्याचं कळलंच नाही. कळ्यांनी लगडली आहे."

मी अध्यक्षांच्या कुंपणाशी जाऊन बघून आलो. खरंच. लाल, मुठीएवढ्या कळ्या. बोझेनाच्या आईची होती अगदी तशीच. पण ती जागा वेगळी आहे. वसाहतीचा अध्यक्ष म्हणजे सरकार. सरकारच्या घरात चोरी म्हणजे तुरुंग.

३ जून

उद्या सण. बोझेनाची बस ब्रेमेनहून निघाली.

दुपारी हातगाडी घेऊन गेलो. गेरार्डसाहेब आरामखुर्चीत तोंडावर वर्तमानपत्र घेऊन पडलेले. घोरत होते. मी आयुष्यात इतकं नियमित घोरणं ऐकलेलं नाही. पिओनीभोवती गोल खणलेलं होतं, खाली गोणपाटही सरकवून ठेवलेलं. मला वाटतं ते स्वतःच ती कुठेतरी हलवणार होते. मी गोणपाटाची टोकं धरली आणि उचललं. हललं नाही. पुन्हा उचललं. कंबरेत कळ आली आणि मी तिथेच मातीत बसलो. मला वाटलं, संपलं. उद्या बोझेना फाटकात उभी राहील, बघेल आणि वळेल. मला खरोखर रडू आलं.

घोरणं थांबलं नाही, पण वर्तमानपत्र खाली पडलं. गेरार्डसाहेब उठले. डोळे घट्ट मिटलेले. दोन्ही हात पुढे करून चाचपडत आले, वाकले, गोणपाटाची दुसरी टोकं पकडली आणि घोरत घोरत म्हणाले, "मी झोपेत चालतो. डॉक्टरांनी सांगितलंय उठवायचं नाही म्हणून."

आम्ही दोघांनी मिळून गाडीत ठेवली. सगळ्या वाटेनं ते गाडीचा एक दांडा धरून घोरत होते आणि ठेच लागली की घोरत शिव्या देत होते. वाटेवरच्या प्रत्येक प्लॉटमधला माणूस नेमका त्या वेळी पाठ वळवून कुंपण रंगवत होता. रंग कुणाकडेच नव्हता. माझ्या प्लॉटवर टाकीच्या उजव्या बाजूला तिच्याच मापाचा खड्डा मार्चपासून तसाच राहिला होता. पिओनी त्यात अशी बसली, जशी काही तिथलीच आहे.

मी तोंड उघडलं. गेरार्डसाहेबांनी एक डोळा उघडला आणि तो माझ्यावर वटारला. मी तोंड मिटलं.

४ जून, ख्रिस्तशरीराचा सण

सकाळी कळ्या उमलल्या. सगळ्या.

बोझेना फाटकात आली, बॅग हातात. रात्रभर बसमध्ये बसून चेहरा उतरलेला, केस अधिक पिकलेले. तिनं बॅग खाली ठेवली नाही. तशीच आत आली. फ्लॉक्सपाशी थांबली, डे-लिलीपाशी थांबली, मग टाकीपाशी आली आणि त्या म्हाताऱ्या पिओनीपुढे उभी राहिली. खाली वाकून तिनं निळ्या लोकरीचा धागा बोटांनी चाचपला. कुंपणापलीकडे लुत्सिनाबाई, इरेनेउश आणि गेरार्डसाहेब तिघेही एकाच गाजराच्या वाफ्यातलं तण काढत होते.

"कुठून आणलीस?" तिनं विचारलं.

मी खोटं बोलायचं ठरवून आलो होतो. "तुझीच आहे, मी सांभाळली," असं वाक्य पाठ केलं होतं. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून ते म्हणवेना. म्हटलं, "बोझेना, तुझी सगळी मी मार्चमध्ये उपटून टाकली. मला वाटलं मेलीत. ही सगळी चोरलेली आहेत. लुत्सिनाबाईंची, इरेनेउशची, आणि ही अध्यक्षांची. मी चोर आहे. तुला परत जायचं असेल तर जा, पण मला खोटं सांगून ठेवून घ्यायचं नाही."

"सगळी चोरलीस?"

"सगळी."

"तिकीट काढलं होतंस?"

"पहिल्यांदा काढलं. नंतर नाही."

तिचे ओठ थरथरायला लागले, मला वाटलं आता रडेल, आणि ती बॅगेवर बसकण मारून हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. कुंपणापलीकडचे तिघेही हसत होते, इरेनेउश तर कंबर धरून वाफ्यात आडवा झाला. चोरीसारख्या गंभीर गोष्टीवर लोकांनी असं हसावं हे मला पटलेलं नाही. पण मी काही बोललो नाही, कारण ती हसत होती.

मग म्हणाली, "आणि ते मार्चमधले कोंब? त्यांच्याबरोबर जरा मोहरीचा सॉस हवा होता." मोहरीचं खत करतात असं मी ऐकलं आहे, लुत्सिनाबाईंना विचारलं पाहिजे.

पाकळ्या मिरवणुकीत गेल्या. चर्चपासून कोपऱ्यापर्यंतचा रस्ता लाल झाला होता. आम्ही परत प्लॉटवर आलो. बोझेना फ्लॉक्सपुढे उकिडवी बसली. मी म्हटलं, "त्याच्या देठावर जांभळट छटा असते, बघितलीस का?" तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं, फुलाकडे नाही. बराच वेळ बघितलं.

मग उठली, बॅगेचा पट्टा सोडला, झाकण उघडलं आणि आतून तिचे जुने बागेतले बूट काढून पायात घातले. फावडं उचललं आणि पिओनीभोवतीची माती दाबायला लागली.

मी म्हटलं, "बोझेना, तुझे फार फार आ..."

तिनं मातीनं भरलेला हात माझ्या तोंडावर दाबला. "गप्प बस," ती म्हणाली. "म्हणालास तर लागणार नाही."

५ जून

सकाळी तिनं ब्रेमेनला फोन करून सांगितलं की ती येत नाही. मी शेजारी चहाचे कप विसळत उभा होतो. जीभ दातांखाली धरून ठेवली. अजून धरली आहे.